पायाने निवडलेला अँप्लिफायर

...आणि चपला कुणाच्या हातात? मेहुण्यांच्या! नाही, तुम्हीच सांगा, भर दुकानात, काचेचं दार, आत गारेगार, पाय बुडतील असा गालिचा, समोर टाय लावलेला विक्रेता हात जोडून उभा, आणि त्याच्यापुढे एक चांगला पन्नाशीचा, चष्मा लावणारा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस बायकोच्या चपला हातात धरून उभा आहे. का? तर म्हणे अँप्लिफायर निवडायचाय. आता मला सांगा, अँप्लिफायर माणूस कशाने निवडतो? कानाने निवडतो. अख्खं जग कानाने निवडतं. आमची ताई पायाने निवडते. बोला, काय करणार आहात?

तुम्हाला सांगतो, ताई माझी सख्खी बहीण, तिच्याविरुद्ध बोललो तर तिच्या घरी मला पाणीसुद्धा मिळायचं नाही, पण या प्रकरणात मी पूर्णपणे मेहुण्यांच्या बाजूचा आहे. कारण त्या माणसाचं सगळं आयुष्य कानावर गेलंय हो. पंख्यांच्या कारखान्यात असतात ते. तयार पंखा पुढ्यात आला की तो फिरवायचा, डोळे मिटायचे, कान द्यायचा आणि सांगायचं, "याचं बेअरिंग पुढच्या उन्हाळ्यात रडणार." आणि रडतंच ते. कारखान्याने मध्यंतरी आवाज मोजायचं एक भारी यंत्र आणलं, ते बिघडलं, तेव्हा त्यात काय बिघडलंय तेही मेहुण्यांनीच ऐकून सांगितलं. घरीसुद्धा तेच. वरच्या मजल्यावर कुणी कप ठेवला की हे खालून म्हणणार, "तडा गेलाय त्याला." असा हा माणूस. याला गाण्याची आवड असणार, स्पीकर-अँप्लिफायरची बारीकसारीक माहिती असणार, हे ओघानंच आलं. आणि अशा माणसाच्या बायकोने नोकरी धरावी कुठे? कर्णबधिर मुलांच्या शाळेत. आणि तिथे ती शिकवते काय? नाच.

हां, आत्ता तुमच्या मनात जे आलं ना, ते सगळ्यांच्याच मनात येतं. ऐकू येत नाही तर नाचतात कशी? अहो, पायाने ऐकतात! शाळेच्या त्या हॉलला लाकडी फळ्यांची जमीन आहे, तिच्यावर दोन उंच स्पीकर उभे, मुलं अनवाणी, आणि गाण्यातला ठेका जो आहे, तो स्पीकरमधून फळीत, फळीतून तळव्यात, तळव्यातून गुडघ्यात, आणि मग ती पोरं जी सुटतात... एकाचं पाऊल इकडचं तिकडे नाही. तुम्हा-आम्हाला कान असून जे वरातीत जमत नाही ते.

तर हे स्पीकर. ते शाळेला मिळाले एका दंतवैद्यांकडून. माणसाच्या छातीइतके उंच, एकेक उचलायला दोघं लागतात. दंतवैद्यांच्या बायकोने म्हणे निर्वाणीचं सांगितलं होतं की घरात एक तर हे दोघे राहतील नाहीतर मी राहीन, आणि दंतवैद्यांनी बराच विचार करून स्पीकर देऊन टाकले. स्पीकर मिळाले, पण त्यांना चालवणारा अँप्लिफायर? तो नको का? मेहुण्यांनी मला एकदा समजावून सांगितलं, स्पीकर म्हणजे पानावर बसलेला माणूस आणि अँप्लिफायर म्हणजे वाढपी. जेवणारा बेताचं खाणारा असला तर कुठलाही वाढपी चालतो. पण हे दोघे पैलवान. चार ओहमचे. ओहम म्हणजे काय ते मला आजतागायत कळलेलं नाही, एवढंच कळलं की तो आकडा जितका लहान तितकी भूक मोठी. वाढपी दमला की संपलं.

आता एवढं ज्याला कळतं त्याने अँप्लिफायर कसा आणावा? दणकट आणावा. पण गेल्या वर्षी मेहुणे दुकानात गेले, तिथे त्यांनी एक सडपातळ, चंदेरी, बोटभर जाडीचा अँप्लिफायर ऐकला आणि हा माणूस विरघळला! इतका गोड आवाज, इतका गोड की बासरीवाल्याने श्वास घेतलेला कळतो. आणला की घरी. ताई बिचारी विश्वासाने म्हणाली, तुम्हाला कळतं, तुम्ही आणाल तो चांगलाच असणार. एकानेही त्यांना विचारलं नाही की अहो, बहिऱ्या मुलांच्या शाळेत बासरीवाल्याचा श्वास कुणी ऐकायचाय?

तालमीत चाललं. तालमीत काय, तुकड्यातुकड्याने नाच, मध्ये विश्रांती, वाढप्याला दम खायला वेळ मिळत होता. वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी सलग नाच सुरू झाला, हॉल भरलेला, पालक, पाहुणे, पोरं रंगात आलेली, आणि बरोब्बर अर्ध्यात त्या चंदेरी नाजूकरावाला घाम फुटला आणि तो बंद पडला. पायाखालचा ठेकाच गेला हो. पोरं थांबली. कुणाचा हात वर, कुणाचा पाय उचललेला, सगळी एकमेकांकडे बघताहेत. आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला आणि जे टाळ्या वाजवायला लागला! थांबायलाच तयार नाही. बायका डोळ्यांना पदर लावताहेत, पाहुणे मान हलवताहेत.

त्यात एक मुलगी आहे, नऊ-दहा वर्षांची, शाळेत तिला सगळे मिरची म्हणतात, का ते तिच्याशी पाच मिनिटं बोललात तर कळेल. ती स्टेजवरून उतरली आणि ताईला खुणेनं विचारलं, "अजून अर्धा नाच राहिला होता. मग हे उभे का राहिले?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, "म्हणजे आम्ही पूर्ण केला असता तरी एवढंच." आणि पैंजण सोडायला बसली. मला हे सांगून झाल्यावर ताई ओठ असे घट्ट मिटून बसली होती, मी तिला लहानपणापासून ओळखतो, ती रडत नव्हती, ती ठरवत होती.

मेहुण्यांना ती एवढंच म्हणाली, "यंदा नाच पुरा होणार. अँप्लिफायर मी निवडणार. तुम्ही फक्त सोबत या." सोबत म्हणजे काय, ते त्या सज्जन माणसाला दुकानात गेल्यावर कळलं.

पहिलं दुकान. विक्रेता एकदम हळू आवाजात बोलणारा, देवळात बोलतात तसा. "मॅडम, बसा. डोळे मिटा. ही गायिका ऐका. तिचे ओठ विलग होताना ऐकू येतात की नाही?" ताईने डोळे मिटले नाहीत. तिने चपला काढल्या, "अहो, धरा जरा," म्हणून मेहुण्यांच्या हातात दिल्या आणि स्पीकरसमोर पाय रोवून उभी राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं. "काही लागत नाही," म्हणाली. विक्रेत्याला वाटलं कर लागत नाही म्हणते. तो म्हणाला, "लागतो मॅडम, बिलात असतो." ताई म्हणाली, "अहो, पायाला लागत नाही. हा गालिचा उचला." गालिचा उचलला, खाली दगडी फरशी. आता फरशीतून काय डोंबल येणार? मेहुणे आपले मधल्या मध्ये, "अगं पण गायिकेचा आवाज काय सुरेख..." आणि गायिकेचे ओठ विलग होताहेत आणि चपला मेहुण्यांच्या हातात.

मग दुसऱ्या दिवसापासून फळी सुरू झाली. म्हणजे काय, शाळेच्या हॉलची जमीन दुरुस्त केली तेव्हा उरलेली एक फळी होती, दारभर लांब, ती ताईने घेतली. दुकानात जायचं, फळी स्पीकरसमोर अंथरायची, तिच्यावर अनवाणी उभं राहायचं. पद्धत बिनतोड आहे, मी नाही म्हणत नाही! पण ती फळी टॅक्सीत मावत नाही हो. एक टोक खिडकीबाहेर. ते टोक कोण धरणार? बरोबर. एका हाताने फळी, दुसऱ्या हाताने... कारण ताईने तोवर चपला टॅक्सीतच काढायला सुरुवात केली होती, वेळ वाचतो म्हणून.

दुसरं दुकान आकडेवाल्याचं. त्याच्याकडे सगळं आकड्यात. "दोनशे वॉट, सर! त्याच्या वरचा अडीचशे वॉट!" इथे मात्र मेहुण्यांनी बाजी मारली, उगाच का खोटं बोला. त्यांनी विचारलं, "हा आकडा आठ ओहमचा झाला. चार ओहमला किती?" दुकानदार म्हणाला, "वाढतो की." "किती वाढतो?" "भरपूर वाढतो." "भरपूर म्हणजे किती?" दुकानदाराने पाणी मागवलं. मेहुण्यांनी ताईच्या कानात सांगितलं, भूक दुप्पट झाली की वाढणंही जवळजवळ दुप्पट व्हायला हवं, याचं होत नाही, हा नुसता बोलघेवडा आहे, उचलून बघ. ताईने तो खोका एका हाताने उचलला. रिकाम्या पिशवीसारखा वर आला. तिने तो होता तसा ठेवला, फळी उचलली आणि निघाली. मेहुणे दारातून वळून दुकानदाराला म्हणाले, "तुमच्या छतावरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय बरं का." खरंच चांगला माणूस आहे. पण ऐकतोय कोण, दुकानातली गिऱ्हाइकं काय बघताहेत? चपला. मेहुण्यांच्या हातातल्या.

अशी दुकानांमागून दुकानं झाली. कार्यक्रम जवळ आला. मेहुण्यांना वाटलं आता ही नाद सोडेल, निदान एखादा मधला मार्ग काढेल, थोडा गोड थोडा दणकट. छे! ताई म्हणाली, "माझे पाय मोठ्या माणसाचे, जाड झालेत. मिरचीला घेऊन जाऊ." मिरचीच्या आईने परवानगी दिली, वर म्हणाली, संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या.

आणि मग ते काचेच्या दाराचं दुकान, जिथून मी सुरुवात केली. टाय लावलेला विक्रेता. त्याने एकापाठोपाठ एक अँप्लिफायर लावून दाखवले. मिरची आधी फळीवर उभी राहिली, मग बसली, मग सरळ पालथी झोपली, गाल फळीला लावून, डोळे मिटून. मालक आतून धावत आला, "अहो मुलीला काय झालं, पंखा लावा, पाणी आणा!" मेहुणे त्याला समजावताहेत की काही नाही, ती ऐकतेय, आणि समजावताना हात हलवताहेत, आणि हातात चपला, त्या मालकाच्या नाकापुढून जाताहेत. मालक दोन पावलं मागेच सरकला. मिरचीनं एक डोळा उघडला, नाक मुरडलं, खुणेनं म्हणाली, "मुंग्या आल्यासारखं होतं. बस." दुसरा लावला. "सुरुवातीला बरं, मग पळून जातं." तिसऱ्यावर तर ती खरंच झोपली.

ताई विक्रेत्याला म्हणाली, "आणखी काय आहे?" तो म्हणाला, "संपलं मॅडम." ताईने मागच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे एक काळं धूड पडलं होतं, ट्रंकेएवढं, त्याच्यावर दुकानवाल्यांनी झाडाची कुंडी ठेवलेली. विक्रेता एकदम लाजला. "तो नको मॅडम. ताकद आहे त्याला, पण आवाजाने जरा... रांगडा आहे. लोक परत आणून देतात." ताई म्हणाली, "कुंडी काढा."

तुम्हाला सांगतो, तो उचलायला विक्रेता, मालक आणि मेहुणे असे तिघे लागले. जोडला. लावला. आणि मेहुण्यांचा चेहरा... कुणीतरी समोर बसून काचेवर चमचा घासतंय असा. वरचे सूर फाटताहेत, गायिका भांडल्यासारखी वाटतेय, दुकानातली दोन गिऱ्हाइकं उठून गेली. आणि फळीवर मिरची ताडकन उठून बसली. डोळे हे एवढे. तिने फळीवर तळवा ठेवला आणि ठेक्यावर बोटं आपटायला लागली, एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार. मालकाला खरं वाटेना. त्याने तिच्या पाठीमागे जाऊन गुपचूप गाणं बंद केलं. बोटं तिथल्या तिथे थांबली. त्याने चालू केलं. बोटं चालू. मालक आपला खेळच करत बसला.

मेहुणे काकुळतीला आले. "अगं, पण याचा आवाज ऐक तरी. फाटतोय गं. बेअरिंग असं असतं तर मी कारखान्यातून बाहेर जाऊ दिलं नसतं." ताईने शांतपणे त्यांच्याकडे बघितलं. "आवाज कुणाला हवाय?" म्हणाली. वर तिने तिथल्या तिथे नाचाचं आख्खं गाणं सलग तीन वेळा वाजवायला लावलं आणि झाकणावर हात ठेवून बसली, तापतो का बघायला. तापला, पण दमला नाही. घेतला.

आता कार्यक्रम. मी स्वतः गेलो होतो, तिसऱ्या रांगेत होतो. स्टेजच्या कडेला ते काळं धूड, आणि त्याच्या शेजारी स्टुलावर कोण? मेहुणे. ताईचा हुकूम होता, "झाकणावर हात ठेवून बसा. जास्त तापलं तर मला खूण करा." उजवा हात झाकणावर. आणि ताई मुलांना दिसेल अशी समोर उभी राहणार, ती अनवाणी, म्हणजे डाव्या हातात... कळलं ना तुम्हाला? मी सांगायला नकोच.

नाच सुरू झाला. पहिला ठोका आला आणि माझी खुर्ची हलली. शेजारच्या आजोबांची कवळी वाजली, मी शपथेवर सांगतो. वरच्या सुरांनी तर काय, हॉलमधल्या झाडून सगळ्या माणसांनी दोन्ही हात कानांवर नेले. मुख्याध्यापिका, पाहुणे, पालक, सगळे कान झाकून बसलेले. आख्ख्या हॉलमध्ये एकच माणूस असा होता ज्याला कान झाकायला हात मोकळा नव्हता, आणि आख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात तिखट कान त्याचेच. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय. पण हात हलवला नाही हो त्यांनी! ना झाकणावरचा, ना दुसरा. तिथे मला मेहुण्यांचा अभिमान वाटला. खरंच वाटला.

आणि पोरं? काय नाचली! मागच्या वर्षी जिथे थांबली होती ती जागा आली, आणि ती जागा गेली. पोरांना पत्ताही नाही. दुसरा अर्धा तर कुणी कधी बघितलाच नव्हता, त्यात मिरचीची एक गिरकी आहे, ती झाली, सगळ्यांचे पाय एकदम वर, एकदम खाली, आणि संपलं. ठेका थांबला आणि त्याच क्षणी सगळी पोरं थांबली, सुरीने कापल्यासारखी.

कुणी उभं राहिलं नाही. पहिल्यांदा तर कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, कारण हात कानांवर. मग हळूहळू हात खाली आले, टाळ्या झाल्या, चांगल्या झाल्या, आणि थांबल्या. आणि प्रमुख पाहुणे ताईकडे तावातावाने आले आणि म्हणाले, "नाच ठीक आहे बाई, पण ती डावीकडची तीन मुलं मध्येच पुढे येत होती, आणि आवाज किती मोठा, काही धरबंद आहे की नाही?" मला वाटलं ताई आता त्यांना फाडून खाणार. ताईच्या डोळ्यांत पाणी! हसतेय आणि रडतेय. माझा दंड धरून म्हणाली, "ऐकलंस? नावं ठेवली रे. माझ्या पोरांच्या नाचाला नावं ठेवली." लागलीच जाऊन तिने पोरांना खुणेनं सांगितलं की डावीकडचे तिघे पुढे येत होते. तिघांनी मान खाली घातली, बाकीची त्यांच्यावर तुटून पडली, आणि मिरची एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

मग ती आली मेहुण्यांकडे. स्टेजवरून तिने सगळं बघितलं होतं. खुणेनं विचारलं, ताईने सांगितलं, "विचारतेय, काका रडत का होते?" मेहुणे खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "आवाजामुळे. फार कर्कश होता बाळा." ताईने तेही जसंच्या तसं पोचवलं. मिरचीनं विचार केला. मेहुण्यांचा उजवा कान बघितला, मग फिरून डावा बघितला, डॉक्टर बघतात तसा. आणि त्यांच्या हातावर थोपटून खुणेनं काहीतरी म्हणाली. ताई म्हणाली, "ती म्हणते, एवढा त्रास होत असेल तर आमच्या शाळेत या. मी शिकवते."

आणि तुम्हाला सांगतो, हा माणूस जातोय! दर शनिवारी. मी बघून आलो. सगळ्यात मागच्या रांगेत, विजार घोट्याच्या वर दुमडलेली, पोरं डावीकडे तर हे उजवीकडे, पोरं वर तर हे खाली. घामाघूम. पंख्याचं बेअरिंग भिंतीपलीकडून ओळखणाऱ्या माणसाला पायाखालचा ठेका सापडत नाही. मी ताईला म्हटलं, त्या पोरीला विचार तरी, यांना कधी जमणार का? ताईने विचारलं. मिरचीनं मेहुण्यांकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाली, "माणूस चांगला आहे. मेहनत घेतो. पण वेळ लागेल. कान मध्ये येतात."